डावीकडे लाजाळू

(गादीच्या दुकानामागची खोली. गाद्यांच्या थप्पीला टेकवून उभा केलेला फोन. पलीकडच्या खोलीत शिलाई मशीन चालू.)

नालबंद : पुन्हा लावा. आणि या वेळी मानेवर बोट ठेवून दाखवू नका. मान मला दिसतेय. पाय दाखवा.

गादीवाला : काका, जन्मभर नाला ठोकून तुमची नजर जमिनीलाच चिकटलीय. जरा वर बघा. ते डोळे बघा. काय तेज आहे. आत्ताच कुणी गादीवर बसवल्यासारखा बघतोय.

नालबंद : घोडा डोळ्यांवर चालत नाही, जावईबापू.

गादीवाला : म्हणून तर तुम्हाला बोलावलं. पाय बघा, हो म्हणा, की मी इसार पाठवला. चार वाजेपर्यंतच मुदत आहे. त्यानंतर तो दुसऱ्याला देणार. तिथला कुणी मोठा सरदार मागे लागलाय म्हणे.

नालबंद : सरदार लागलेलाच असतो. उभ्या आयुष्यात मी असा एक घोडा विकलेला पाहिला नाही, ज्याच्या मागे सरदार नव्हता. आपण पैसे मोजले की सरदार जातो तो जातो, पुन्हा दिसत नाही.

गादीवाला : हळू बोला. मशीन चालू आहे ना आत? चालू आहे तोवर बोलू. बायकोला अजून काही सांगितलेलं नाही. एकदम घोडाच दारात उभा करणार.

नालबंद : तुमचे सासरे घोडा घ्यायला जायचे तेव्हा तीन दिवस त्याच्याजवळ मुक्काम टाकायचे. पहिल्या दिवशी तर हातसुद्धा लावायचे नाहीत, नुसता त्याचा श्वास ऐकायचे. उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकून होतो. गादीवर लोळून परदेशातला घोडा घेताना आजच बघतोय.

गादीवाला : काळ बदलला काका. साडूनंही असाच फोनवर बघून घेतला.

नालबंद : आला साडू. मी मघापासून वाटच बघत होतो.

गादीवाला : त्याचा इथे काय संबंध? बरं, असेल थोडा. रविवारी मैदानावर तो परदेशी घोड्यावर मिरवतो आणि मी खाली उभा राहून त्याच्या बायकोची पिशवी धरतो. थोरली मेहुणी आहे, म्हणून धरतो. पण लोक बघतात हो. परवा चारचौघांत म्हणाला, "भाऊ, झोपायचं झालं तर तुमच्यासारखं कुणी नाही. पण बसायचं म्हटलं की खोगीरच."

नालबंद : म्हणजे घोडा बुडाखाली नकोय, साडूच्या नाकाखाली हवाय.

गादीवाला : तुम्ही पाय बघा.

नालबंद : बघतोय. हा गोल फिरतोय तो कुठल्या बाजूनं?

गादीवाला : उजव्या.

नालबंद : दुसऱ्या व्हिडिओत?

गादीवाला : उजव्याच.

नालबंद : तिसऱ्यात?

गादीवाला : आता काका, गोल फिरायचं तर कुठल्या तरी एकाच बाजूनं फिरणार.

नालबंद : देवळातली प्रदक्षिणा आहे का ती? घोडा दोन्हीकडून फिरवून दाखवतात. एकाच बाजूनं दाखवला, तर दुसरी बाजू विकणाऱ्यालाही बघवत नाही असं समजायचं. आणि हा पेंढा बघा. गुडघाभर पेंढ्यात उभा केलाय.

गादीवाला : अहो, त्यांच्याकडे जनावराला मऊ अंथरूण लागतं. धंदाच आहे माझा, मला कळतं.

नालबंद : तुम्हाला गादी कळते. गादीखाली लोक काय दडवतात ते मला कळतं. कडक जमिनीवर चालवून दाखव म्हणालात का त्याला?

गादीवाला : म्हणालो. तो म्हणाला, आमच्याकडे जमीन मऊच असते.

नालबंद : सगळ्या देशात?

गादीवाला : असं फोनमधली बाई म्हणाली. तो त्याच्या भाषेत बोलतो, की ही लगेच आपल्या भाषेत सांगते. मी बोललो की उलट त्याला सांगते. दोन दिवसांचा रस्ता आणि मधे सीमा, पण जणू शेजारी बसून बोलतोय. दातांचाही फोटो पाठवलाय, हा घ्या. आठ वर्षांचा.

नालबंद : या दातांभोवतीचे ओठ काळे आहेत. व्हिडिओतल्या घोड्याचा खालचा ओठ गुलाबी आहे.

गादीवाला : उजेडाचा फरक.

नालबंद : हे दात दुसऱ्या कुणाचे तरी आहेत. देव करो नि घोड्याचेच असोत.

गादीवाला : तुम्हाला खोडच काढायची असेल तर देवाच्या घोड्यातही काढाल. ही माहिती ऐका, त्यानं लिहून पाठवलीय. ऐकलीत की तुम्हीच म्हणाल, पाठवा इसार. "नाव, वादळांचा सम्राट. वय आठ. रक्त उंची. चाल अशी, की पाठीवर पाण्याचा पेला ठेवावा. बायकामुलांत वाढलेला, राजासारखा शांत. फटाका वाजला तरी बिचकत नाही. तहान लागली की बादली मागून घेतो. डावीकडे वळताना किंचित लाजाळू." कसं लिहिलंय बघा.

नालबंद : शेवटचं पुन्हा वाचा.

गादीवाला : डावीकडे वळताना किंचित लाजाळू.

नालबंद : हे वाक्य ओळखीचं नाही वाटत?

गादीवाला : छान वाटतं. खानदानी माणूस दिसतो. घोड्याबद्दलही किती हळुवार लिहितो.

नालबंद : खानदानी असेलच. तुमचंच वाक्य आहे ते.

गादीवाला : माझं?

नालबंद : दोन वर्षांपूर्वी याच खोलीत. बाहेर तो दलाल उभा होता आणि तुम्ही पावतीपुस्तकातल्या एका पानाच्या पाठीवर सासऱ्यांच्या घोड्याची, आपल्या पाहुण्याची, माहिती लिहून देत होतात. मी इथे खाली बसून सामानाची पिशवी भरत होतो. तुम्ही मला विचारलंत, "काका, लंगडतो याला दुसरा शब्द काय?" मी म्हटलं, लंगडतो. तुम्ही दोन मिनिटं पेन चावलंत आणि लिहिलंत, लाजाळू.

गादीवाला : लिहिलं असेल. दलाल लोक एकमेकांचं चोरून लिहितात. शब्द तिकडे गेला असेल.

नालबंद : शब्द एकटा जात नाही जावईबापू. पाठीवर बसून जातो. व्हिडिओ शेवटाला न्या. तिथे तो पेंढ्यातून एक पाऊल बाहेर टाकतो. हां, थांबवा. मोठं करा. पुढचा डावा पाय.

गादीवाला : काय आहे?

नालबंद : खुरावर वरपासून खालपर्यंत एक वळ आहे. कुंपणाची तार लागली होती तेव्हाची. असं वर, केसांच्या कडेला लागलं, की खूर जन्मभर तसाच उगवतो. कितीही कापा, रंगवा, पुन्हा तसाच. सात वर्षं हा पाय मी मांडीवर घेतलाय. माझ्या नातवाचा पाय मी एक वेळ ओळखणार नाही.

गादीवाला : अहो, काहीतरीच. पाहुणा कसा होता? मान खाली, खांदे पडलेले, अंगावरून धूळ निघतेय. आणि हा बघा.

नालबंद : याला रोज खरारा होतोय. तुमच्याकडे होता तेव्हा पोरगी करायची, मग खोळी शिवण्याचं काम वाढलं आणि तुम्ही म्हणालात, मी करतो. तेव्हापासून धूळ निघायला लागली. आणि कपाळावरचे केस बघा कसे पुढे विंचरून बसवलेत. खाली चांदणी असणार. काळी केली असेल.

गादीवाला : पण माझ्या लक्षात कसं नाही आलं? आठवड्यातून एकदा का होईना, मीही बसलोय त्याच्यावर.

नालबंद : तेच तर. वर बसणाऱ्याला घोड्याचे दोन कान दिसतात. तोंड बघायचं तर खाली उतरावं लागतं.

गादीवाला : म्हणजे हा... म्हणजे मी...

नालबंद : पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. तुम्ही पिकवलंही नाही, नुसतं विकलंत, आणि आता चौपटीनं विकत आणताय. घरात होता तेव्हा पेंढा खाणारं ओझं. सीमा ओलांडली, सम्राट झाला.

गादीवाला : काका, तुम्हाला शपथ आहे. हळू. तिला यातलं काही माहीत नाही.

नालबंद : तिला काय माहीत आहे ते मला माहीत आहे. म्हाताऱ्या घोड्यांसाठी एक कुरण आहे. तिथे झरा आहे, झाडं आहेत, आणि पाहुणा तिथे आरामात चरतोय.

गादीवाला : तिच्या भल्यासाठी सांगितलं. तिच्या बाबांची ती शेवटची आठवण. विकला म्हटलं असतं तर अंथरूण धरलं असतं तिनं.

नालबंद : आणि दर महिन्याला ती पिशवीभर गाजरं देते, कुरणात पोचवा म्हणून. ती कुठे जातात?

गादीवाला : फेकून कशी देणार? अन्न आहे. ती... साडूच्या घोड्याला.

नालबंद : ठाऊक आहे. गेल्या महिन्यात त्याला नाला मारायला गेलो, तर खुंटीला पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची पिशवी. निळ्या दोऱ्याची शिलाई. गादीच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवणारी दुसरी कोण आहे या गावात?

गादीवाला : मग तेव्हाच का बोलला नाहीत तिच्याजवळ?

नालबंद : बोललो असतो, तर चामड्याचंही बोलावं लागलं असतं.

गादीवाला : कसलं चामडं?

नालबंद : विसरलात. दलाल यायच्या आधी तुम्ही म्हणालात, नालेखाली मऊ चामडं घाला, तासभर सरळ चालला पाहिजे. मी घातलं. ज्या माणसाच्या घरचं तीस वर्षं खाल्लं, त्याच्या घोड्याच्या पायात. सरळ चालला तो तासभर. मीच वाकडा चालतोय तेव्हापासून.

गादीवाला : हे बघा, झालं ते झालं. दोघंही चुकलो. आता हा सौदा नको, त्या माणसाचा नंबर पुसून टाकतो, व्हिडिओ पुसून टाकतो. कुणाला काही कळायला नको, कुणाला दुःख व्हायला नको.

नालबंद : पुसा. पण एकदा आवाज चढवून शेवट लावा. मला खात्री करू दे.

गादीवाला : आवाजाचं काय करायचंय? नुसती ठणठण आहे. मागे कुणी पत्रा ठोकतंय.

नालबंद : लावा तरी.

गादीवाला : हे घ्या. ऐका. ठण, ठण, ठण. झालं समाधान?

बायको : आले रे, आले.

गादीवाला : काय म्हणाली ती आतून?

नालबंद : मशीन थांबलं.

बायको : बाई गं, काय झालं मला. बसल्या जागेवरून ओरडले. दोन वर्षांत तोंडातून निघालं नव्हतं. काका, तुम्ही कधी आलात? आणि बादली कोण ठोकत होतं?

गादीवाला : शेजारी. नळवाला आलाय त्यांच्याकडे.

बायको : नळवाला गुडघ्यानं ठोकतो का? दोन लागोपाठ आणि तिसरा जरा थांबून, पाहुणा पाणी मागायचा तसा. हातानं ठोकलं की तसं येत नाही. तुमच्या फोनमधून आला आवाज. बघू.

गादीवाला : अगं, ते धंद्याचं आहे.

बायको : द्या इकडे... हा बघा. खालचा ओठ बघा. दूध पिऊन तोंड पुसायचं विसरल्यासारखा. बाबा म्हणायचे, हा देवाच्या घरून घाईत निघालाय. कुरणातून आलाय ना व्हिडिओ? तिथल्या माणसानं पाठवला? मग तुम्ही दोघं असे सुतकी चेहरे करून का बसलात? बरा दिसतोय की.

गादीवाला : हो. तेच. कुरणातूनच आला. तुला दाखवणारच होतो, म्हटलं शिवण होऊ दे आधी.

बायको : छान ठेवलंय हो त्याला. अंग कसं चमकतंय. मी म्हणत होते ना, गाजरं लागू पडतात.

नालबंद : पोरी...

गादीवाला : काका, तुम्हाला उशीर होत असेल.

बायको : आणि खाली ही किंमत कसली लिहिलीय?

गादीवाला : ती... ती कुरणाची वर्गणी.

बायको : "चार वाजेपर्यंत इसार न आल्यास सम्राट सरदारांना देण्यात येईल." कोण सम्राट? काका, तुम्ही बोला. यांचं मला ऐकू येतं, पण समजत नाही.

नालबंद : पोरी, कुरण नाही. कधीच नव्हतं. पाहुण्याला यांनी दलालाला विकला. दलालानं पुढे विकला, त्यानं आणखी पुढे. आता सीमेपलीकडचा एक जण त्याला आठ वर्षांचा म्हणून विकायला काढतोय, आणि गिऱ्हाईक आहेत तुझे यजमान. आणि विकायच्या दिवशी त्याचं लंगडणं झाकायला नालेखाली चामडं घातलं ते मी. यांनी सांगितलं हे खरं, पण हात माझे होते.

बायको : तुम्हीसुद्धा, काका.

नालबंद : मीसुद्धा.

बायको : गाजरं कोण खात होतं?

गादीवाला : साडूचा घोडा.

बायको : तरीच ताई म्हणत होती, आमच्या घोड्याला खोगीर होईना झालंय. मी एकेक गाजर धुऊन देत होते. शेंडे काढून. त्याला शेंडे आवडत नाहीत म्हणून.

गादीवाला : अगं, तो लंगडत होता. रोजचं औषधपाणी. आणि मागच्या शेडमध्ये कापूस ठेवायला जागा नव्हती. मी काय करायचं होतं?

बायको : ते मला विचारायचं होतं. तुम्ही मला काय सांगितलंत आठवतं? जुनं माणूस दिसलं की म्हातारे घोडे खाणं सोडतात, म्हणून कुरणात कुणाला भेटायला जाऊ देत नाहीत. मी दोन वर्षं गेले नाही. देवासमोर रोज म्हणत होते, त्याला माझी आठवण येऊ देऊ नकोस. त्यानं पोटभर खावं म्हणून.

गादीवाला : मी चुकलो. पण आता एक बरं झालं, की वेळेत कळलं. नाहीतर सतरा वर्षांच्या, पायानं अधू घोड्याला मी आज हे एवढे पैसे पाठवणार होतो. काकांच्या रूपानं देवच धावून आला. आता हा सौदा रद्द.

बायको : सकाळपासून घ्यायचाच म्हणत होतात.

गादीवाला : सकाळी मला माहीत नव्हतं.

बायको : काय माहीत नव्हतं? घोडा तोच आहे. डोळ्यांत तेज आहे, मान राजासारखी आहे. भिंतीपलीकडून ऐकलंय मी, दोरा ओवताना मशीन थांबवावं लागतं अधूनमधून. मला वाटलं, तुमच्या साडूंच्या घोड्याचं कौतुक चाललंय. सकाळपासून त्याच्यात काही बदललं नाही. फक्त आपला निघाला, म्हणून तुमच्या लेखी त्याची किंमत उतरली.

नालबंद : इथेच तर घोडं पेंड खातं.

बायको : काका, तुम्ही गप्प बसा. दोन वर्षं बसलात तसे. अहो, लावा त्या माणसाला फोन.

गादीवाला : कशाला?

बायको : बादली वाजवून तो दोन वर्षं कुणाला तरी बोलावतोय. लावा.

फोन : नमस्कार, माझ्या हृदयाच्या ग्राहका. आपण योग्य वेळी आलात. सरदार माझ्या अंगणात चहा पीत आहेत.

बायको : या बाईला सांगितलं की ती त्याला सांगते ना? मग सांगा. सरदारांना सावकाश चहा पिऊ दे. मी घोड्याच्या घरची बोलतेय. घोडा आठ वर्षांचा नाही, सतरा वर्षांचा आहे. दात त्याचे नाहीत. कपाळावर लावलाय तो रंग पुसा, खाली चांदणी निघेल, तिचं एक टोक तुटलंय. पुढच्या डाव्या खुराला वळ आहे, म्हणून तुम्ही त्याला पेंढ्यात उभं केलंय. आणि त्याला धुताना पायापासून सुरुवात करत जा. पाठीवर एकदम पाणी पडलं की त्याला राग येतो.

गादीवाला : फोन गप्प झाला.

नालबंद : तो गप्प झालाय. ती बिचारी भाषांतर कशाचं करणार?

फोन : बाई, आपण कोण आहात?

बायको : त्याला कुणीतरी एका आठवड्यासाठी आमच्याकडे ठेवून गेलं आणि परत न्यायला आलंच नाही. माझ्या बाबांनी त्याला सांभाळला, शिकवला. म्हणून त्याचं नाव पाहुणा. तुम्ही त्याला सम्राट म्हणता, पण तो वळून बघत नसेल.

फोन : हे खरे आहे. तो वळून बघत नाही. मला वाटले, सम्राट असल्यामुळे. बाई, मी प्रामाणिक माणूस आहे. मला ज्याने हा घोडा विकला, त्याने एक कागद दिला. त्यावर लिहिले होते, लाजाळू. मी चार महिने वाट पाहिली, की याची लाज आज जाईल, उद्या जाईल.

नालबंद : ऐका जावईबापू. वाचक लाभला तुम्हाला.

फोन : तो शब्द मूळ ज्याने लिहिला, तो माणूस मला भेटला तर मी त्याच्या हातांना...

गादीवाला : पुढचं नको. बंद कर ते भाषांतर.

फोन : ...मी त्याच्या हातांना डोळे लावीन. त्या एका शब्दावर मी आणखी पाच घोडे विकले.

बायको : भेटवते मी त्याला तुमच्याशी, लवकरच. आता किमतीचं बोला. वादळांच्या सम्राटाची जी काय असेल ती असू दे, ती मी देणार नाही. सतरा वर्षांच्या लंगड्या पाहुण्याची सांगा. सरदारांना विचारून सांगायचं असेल तर विचारा.

फोन : सरदार निघून गेले आहेत.

नालबंद : चहा तरी संपवायचा.

गादीवाला : अगं, पुन्हा विचार कर. घोडा आणून आपण करणार काय त्याचं? तो बसू देणार नाही, धावणार नाही...

बायको : थांबा. ऐका. वाजतेय. तुम्ही व्हिडिओ लावलाय का?

गादीवाला : नाही. चालू फोनवरच येतंय हे. त्याच्या मागून.

बायको : आले रे, आले.

नालबंद : थांबला.

गादीवाला : योगायोग.

फोन : बाई, आपण आत्ता काय म्हणालात? यंत्राला ते भाषांतर करता आले नाही. हा दिवसभर ठोकतो. शेजारी तक्रार करतात. आम्ही ओरडलो, बादली बदलली, काही उपयोग झाला नाही. आता तो कान उभे करून माझ्या फोनकडे बघत आहे.

बायको : त्याला पाणी द्या. मी येते म्हटलंय, पण मला पोचायला दोन दिवस लागतील. तोवर माझ्या वतीनं तुम्ही द्या.

फोन : देतो. बाई, पहिली किंमत विसरा. मी घेतला त्या किमतीला न्या. मी कमावणार नाही, कारण आता तो माझ्याकडे बघत राहील आणि मला झोप लागणार नाही.

नालबंद : पोरी, या माणसाला पाच घोडे विकल्यावर का होईना, कुठेतरी टोचलं. आमच्यापेक्षा बरा म्हणायचा.

बायको : ठेवा फोन. काका, पायाचं तुम्ही बघायचं. तो कधी बरा होणार नाही हे मला माहीत आहे. पण दुखणार नाही इतपत तरी. मजुरी मिळणार नाही.

नालबंद : मागितली असती तरी त्या चामड्याच्या पापात वळती झाली असती.

गादीवाला : आणि शेडमधला कापूस? तो कुठे नेऊ?

बायको : पुढच्या बैठकीत रचा. तुमचे साडू आले की वर बसतील. खोगीर नाही म्हणून तक्रार नको.

गादीवाला : साडूला सांगू काय? अख्ख्या मैदानाला सांगून बसलोय, परदेशी घोडा येतोय म्हणून.

बायको : मग परदेशातूनच येतोय. तुमच्या तोंडून निघालेलं दोन वर्षांतलं हे पहिलं खरं, ते जपून ठेवा.

नालबंद : आणि मैदानावर लंगडला, तर काय म्हणायचं ते तुम्हाला आधीपासून येतंच.

गादीवाला : हसा. हसून घ्या दोघं. बरं, मी गाडीवाल्याला फोन करतो. जाऊन घेऊन येईल तो.

बायको : गाडीवाला एकटा जाणार नाही. तुम्ही आणि मी जायचं. जाताना पुढे बसा हवं तर. येताना पुढे मी बसणार. तुम्ही मागे.

गादीवाला : मागे म्हणजे?

बायको : मागे, त्याच्याजवळ. गाडी हलते तेव्हा तो घाबरतो, कुणीतरी समोर उभं राहावं लागतं. दोन दिवस आहेत. तोंड बघून घ्या एकदा नीट, म्हणजे पुन्हा फोनवर फसणार नाही.

गादीवाला : दोन दिवस मी घोड्यासमोर उभा राहून बोलू काय त्याच्याशी?

बायको : काहीही बोला. कापसाचा भाव सांगा, तुमच्या साडूंची निंदा करा. त्याला नुसता आवाज लागतो. फक्त कुरणाचं काही विचारू नका. त्याला तिथलं काहीच माहीत नाही.